दोन जोड कपडे

संस्थेची माणसं गल्लीत येणार ही बातमी नळवाल्या काकूनं आणली. काकूचं घर सार्वजनिक नळाला खेटून. त्यामुळे पाणी येवो न येवो, बातमी आधी तिच्याकडे यायची.

"गरिबातले गरीब निवडणारेत," हंडा उंबऱ्यावर टेकवत काकू म्हणाली. "ज्याला जो धंदा करायचाय, त्याला त्याचं सामान. फुकट. कोणाला भाजीची गाडी, कोणाला शिलाई मशीन. तुम्हाला गॅसवरची इस्त्री देतील."

"आणि गॅस कोण देणार? तुझा नळ?" ठिणगीनं विचारलं.

"तोही तेच देणारेत, भवाने. पहिलं वर्षभर."

टेबलाशी उभ्या असलेल्या आईचा हात एका बाहीवर थांबला. कोळशाची इस्त्री अशी थांबली की कापड गेलंच. आईनं ती झटक्यात उचलली आणि उभी केली. बाही वाचली. मग आईला खोकला आला. तो आला की सगळे गप्प बसून वाट बघायचे, जशी एखादी लांबलचक मालगाडी जाईपर्यंत फाटकात वाट बघतात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं आईच्या छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "कोळसा बंद करा. आणखी एक-दोन हिवाळे असेच काढलेत तर मला काही करता येणार नाही."

"साहेब, कोळसा बंद म्हणजे पोट बंद," बाबा म्हणाले होते. बाबांना प्रत्येक गोष्टीत गंमत करायची खोड. डॉक्टर हसला नव्हता.

आता कोणी शहाणा विचारेल की विजेची इस्त्री का नाही घेतली. घेतली होती की. ती लावली की अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडायचा, आणि मग अख्खी गल्ली दारात. बाहेर मोकळ्या हवेत टेबल का नाही टाकलं? तेही टाकलं होतं. पालिकेची गाडी आली आणि टेबल उचलून घेऊन गेली. दुसरं टाकलं, तेही गेलं. तेव्हापासून धंदा घरात. घर म्हणजे एक खोली. तीत टेबल, शेगडी, कोळशाचं पोतं, चार माणसं आणि डोक्यावर दोऱ्यांवर लटकणारे लोकांचे कपडे. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून रुसून बसलेली.

ठिणगीला ठिणगी का म्हणायचे, तर दोन कारणं. एक, ती निखारे फुंकायची तेव्हा उडालेल्या ठिणग्यांनी तिच्या प्रत्येक शर्टाला बारीक भोकं पडलेली असायची. दुसरं, तिचा स्वभाव. शाळेत बाईंनी एकदा त्या भोकांवरून विचारलं, "काय गं, उंदीर पाळलेत का घरी?" वर्ग हसला. ठिणगीनं डस्टर उचलून फळ्यावर फेकलं, दप्तर उचललं आणि घरी आली. परत गेली नाही. आईचा हात तेव्हा तसाही भरून यायला लागला होता, त्यामुळे कोणी फार आग्रह केला नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र शाळेत जायचा. त्याला सगळे बटण म्हणायचे, कारण तुटलेली बटणं शोधायला टेबलाखाली तोच शिरायचा.

"हे बघ," काकू आईला म्हणाली, "एक शहाणपणाचं सांगते. ते येतील तेव्हा घर झाडू नका. पोराला आंघोळ घालू नका. दात तर अजिबात काढू नका."

"आणि तू काय करणार?"

"माझा टीव्ही वाण्याच्या गोदामात. तुझी पोरगी दे जरा धरायला."

ठिणगीनं धरला टीव्ही. जुना, पाठीला कुबड असलेला, चादरीत गुंडाळलेला. काकूची पोरगी गादीवरून बघत होती. तिच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. काकू धुण्याभांड्याला जायची तेव्हा दाराला बाहेरून कडी आणि आत टीव्ही चालू, असा त्या पोरीचा दिवस जायचा.

"माझी मालिका बुडणार," पोरगी म्हणाली.

"दोन दिवस, राणी. मग आई गाडी ढकलणार आणि तुला गाडीवर बसवून फिरवणार."

"भाजीत?"

"भाजीत. टोमॅटोशेजारी."

पोरगी खुदकन हसली. ठिणगीला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही मिळेल. का नाही मिळणार? आपल्याकडे तर लपवायला टीव्हीसुद्धा नाही.

पण आईच्या डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं.

ज्या दिवशी माणसं यायची होती त्या सकाळी आईनं खोली झाडली, पुसली, टेबलावरची घोंगडी उलटी करून तिची चांगली बाजू वर केली. कोळशाचं पोतं चादरीखाली झाकलं. बटणाला घासून आंघोळ घातली, इतकी की तो लाल झाला. मग ती दोऱ्यांखाली उभी राहिली आणि वर बघायला लागली.

आता हे समजून घेतलं पाहिजे. त्या घरात एकच कायदा होता. गिऱ्हाइकाचं कापड म्हणजे परक्याची लेक. सांभाळायची, नटवायची, वेळेवर पोचवायची. अंगाला लावायची नाही. बटण तान्हा असताना थंडीनं काकडत होता, तेव्हासुद्धा वर लटकणाऱ्या लोकरीच्या कोटाला कोणी हात लावला नव्हता.

त्या आईनं हात वर केला आणि बँकेवाल्या मॅडमचा निळा ड्रेस खाली काढला.

"आई?" ठिणगी म्हणाली.

"गप्प बस. दुपारपुरतं."

तिनं बटणासाठी कुठल्याशा श्रीमंत शाळेचा पांढराशुभ्र शर्ट काढला. बाबांसाठी काळी पँट. आणि ठिणगीसाठी तो हिरवा शर्ट, ज्याच्या दोन्ही खिशांवर बारीक शिलाई होती. ठिणगी तो दर आठवड्याला इस्त्री करायची आणि खिशात नुसता हात घालून बघायची.

"अगं पण काकू काय म्हणाली? गरीब दिसायचंय आपल्याला!"

"गरीब वेगळं आणि गबाळं वेगळं."

"त्यांना कुठं कळतंय वेगळं!"

"आपल्याला काय पाहिजे त्यांच्याकडून?" आईनं विचारलं. "इस्त्री पाहिजे ना? मग चुरगळलेल्या इस्त्रीवाल्याला कोण इस्त्री देईल? म्हणतील, यांना स्वतःची कॉलर सरळ करता येत नाही, यांच्या हातात मशीन देऊन काय उपयोग. ते सामान देणारेत. सामान सांभाळणारी माणसं बघायला येणारेत."

"बरोबर आहे तिचं," बाबा पँट चढवत म्हणाले. "चुरगळलेला इस्त्रीवाला म्हणजे डोक्यात उवा असलेला न्हावी." पँट त्यांना लांब झाली. त्यांनी खालून दुमडली, आणि दुमडीवर सवयीनं बोट फिरवून धार काढली.

"बाबा, तुम्ही तरी तिला सांगा ना! काकूनं टीव्ही लपवलाय आणि आपण बाहेर काढतोय. तेही आपलं नसलेलं!"

"ठिणगे," आई शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की पुढं बोलायची सोय नसायची, "मला भीक नकोय. मला काम करायचंय आणि श्वास घ्यायचाय. दोन्ही एकदम. तेवढंच मागायचंय. ते फाटक्या अंगानं नाही मागवत मला."

ठिणगीनं हिरवा शर्ट घातला. अंगात बसला. काय बसला! जणू मापानं शिवलेला. तिनं खिशात हात घातले आणि तिचा राग थोडा वेळ कुठंतरी निघून गेला. खोटं कशाला बोला.

पाहणीला आलेली ताई तरुण होती, ठिणगीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. उन्हानं तोंड लाल झालेलं, चपलेचा एक पट्टा तुटायला आलेला. ती काही दुष्ट नव्हती. तिनं पाणी मागितलं, ग्लास तिथंच उभ्यानं संपवला आणि आणखी मागितलं. तिच्या हातात मोबाइल. ती प्रश्न विचारायची आणि काचेवर बोट टेकवायची. दारात गल्ली गोळा झालेली. नळवाली काकू सगळ्यात पुढं, केस विस्कटून, आईकडे बघून डोळे मोठे करत. म्हणजे, हे काय सोंग काढलंय तू?

"छप्पर पत्र्याचं ना?"

"हो."

"संडास?"

"सगळ्यांचा आहे तोच. गल्लीच्या टोकाला."

"पंखा, टीव्ही, फ्रीज?"

"उकाडा आहे," बाबा म्हणाले. "तो चालेल का?"

ताई हसली. दारातलेही हसले. आईलाही हसू आलं. खोलीतली हवा जरा सैल झाली. ठिणगीला वाटलं, जमतंय. आई म्हणत होती तेच खरं.

"आठवड्यात किती वेळा अंडी, मांस, मासे?"

"पोराला अंडं देतो," आई म्हणाली. "शाळेत जातो ना तो."

बोट टेकलं.

"घरातल्या प्रत्येकाला निदान दोन जोड कपडे आहेत?"

आणि बाबांना राहवलं नाही. दारात सगळी गल्ली, समोर हसणारी पाहुणी, वर छतभर कपडे. असा चेंडू पुढ्यात आला तर बाबा सोडणार होते थोडेच! त्यांनी दोन्ही हात वर पसरले. "दोन? ताई, दोनशे आहेत! मोजा!"

हशा पिकला. ताईही हसली, पण हसता हसता तिची नजर दोऱ्यांवरून खाली आली. बटणाच्या पांढऱ्या शर्टावर. आईच्या निळ्या ड्रेसवर. मग ठिणगीवर. ती पुढं झाली आणि हिरव्या शर्टाची कड तिनं दोन बोटांत धरून चोळून बघितली.

"भारी कापड आहे," ती म्हणाली. "हे पण गिऱ्हाइकाचं का?"

तिनं साधंच विचारलं होतं. आत्तापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांसारखंच. पण दोन बोटांत. ठिणगीनं तेवढंच बघितलं. भाजी घेताना बाई वांगं दाबून बघते तशी ती दोन बोटं.

'हो' म्हणावं तर सगळी गल्ली ऐकते आहे. आज संध्याकाळपर्यंत बँकेवाल्या मॅडमच्या कानावर जाईल की इस्त्रीवाली त्यांचे कपडे घालून मिरवते. उद्या एक गाठोडं घरात येणार नाही. आई जमिनीकडे बघत होती. बाबांचे हात अजून अर्धवट वर होते. आणि 'नाही' म्हणावं तर...

"आमचंच आहे," ठिणगी म्हणाली. "का? आम्ही चांगलं घालू नये?"

ताईनं बोटं चटका बसल्यासारखी काढून घेतली. तिचं लाल तोंड आणखी लाल झालं. "तसं नाही गं. मी सहज... तसं नव्हतं म्हणायचं मला." आणि तिनं घाईघाईनं मोबाइलवर बोट टेकवलं, पुन्हा टेकवलं, खाली सरकवलं, पुन्हा टेकवलं. पुढचे प्रश्न तिनं मान वर न करता विचारले. आईच्या खोकल्याचा प्रश्न तिच्या त्या मोबाइलमध्ये नव्हताच. आईनं तो मुद्दाम दाबून ठेवला होता, पाहुणी जाईपर्यंत. दुखणेकरी बाईला सामान कशाला देतील, म्हणून. ताई गेली आणि आई टेबलाला धरून खाली बसली, आणि मग तो सगळा साठलेला खोकला एकदम बाहेर आला. ठिणगीनं तिच्या अंगातून निळा ड्रेस हळूच सोडवून घेतला. डाग पडला असता म्हणून.

संध्याकाळी चौघांचे कपडे पुन्हा धुऊन, वाळवून, इस्त्री करून वर लटकले. कोणाला कळलं नाही.

निकाल महिन्याभरानं लागला. संस्थेनं मैदानात मंडप टाकला होता आणि एक साहेब माइकवर नावं वाचत होता. आई आली नाही. तिला आता मैदानापर्यंत चालवत नव्हतं. बाबा आणि ठिणगी उभे होते. एकेक नाव येत होतं. टाळ्या वाजत होत्या. नळवाल्या काकूचं नाव आलं तेव्हा काकू तोंडावर हात ठेवून तिथंच खाली बसली. त्यांच्या गल्लीतलं ते शेवटचं नाव होतं. त्यानंतर साहेबानं पुढच्या गल्लीची नावं सुरू केली.

"आपलं राहिलं वाटतं," बाबा म्हणाले. बराच वेळ उभे राहिले. माइक बंद झाला, खुर्च्या उचलायला लागले, तरी उभे. गंमत मात्र एकही सुचली नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी ठिणगी एकटी संस्थेच्या कचेरीत गेली. स्वतःचा भोकाभोकाचा शर्ट घालून. दारावरच्या माणसानं अडवलं तर ती दारातच ओरडायला लागली, आणि तो आवाज ऐकून आतून ती पाहणीवाली ताई बाहेर आली.

"खोटं बोलले मी," ठिणगी म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ते कपडे आमचे नव्हते. एकाचेही नव्हते. आमचे हे आहेत. बघा. चोळून बघा."

ताईनं बघितलं. भोकांकडे, मग तिच्या तोंडाकडे. तिनं तिला आत नेलं, खुर्ची दिली, साहेबाला बोलावलं. साहेब माइकवाला, थकलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आईचा खोकला ऐकला, डॉक्टरचं ऐकलं, ड्रेसचं ऐकलं.

"पण घातलेत कशाला दुसऱ्याचे कपडे?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "आम्ही गरजू माणसं शोधायला आलो होतो, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

ठिणगीची नजर त्याच्या शर्टावर गेली. चुरगळलेल्या इस्त्रीवाल्याचं ह्याला कसं सांगायचं? त्याच्या शर्टाला छातीवर दोन घड्या पडल्या होत्या. उलट्या बाजूनं केलेली इस्त्री. त्याला तेही माहीत नव्हतं.

"पोरी, आता उत्तर बदलता येत नाही," साहेब म्हणाला. "एकाचं बदललं की उद्या सगळी वस्ती इथं उभी राहील. पुढच्या फेरीत बघू. दोन वर्षांनी."

"दोन वर्षांनी आई कुठं असेल?"

ताई हळू आवाजात म्हणाली, "सर, यादीतलं एखादं घर चुकीचं निघालं तर जागा रिकामी होते ना? खालचं घर वर येतं. यांच्या गल्लीत खाली यांचंच आहे."

"ते निघालं तर," साहेब म्हणाला. "यांच्या गल्लीत शेवटचं कोण? ती नळाजवळची बाई. तिच्यात काय चूक निघणार? घरात चार भांडी आणि आजारी मूल." त्यानं ठिणगीकडे बघितलं. "तुला काही माहीत आहे का?"

जिभेच्या टोकावर होतं. ठिणगीच्या जिभेवर आजपर्यंत काही थांबलं नव्हतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं ते. वाण्याचं गोदाम, चादर, कुबड आलेला टीव्ही. दोन वाक्यं. एका टोकाला आईची छाती होती. पण दुसऱ्या टोकाला ती पोरगी गादीवरून बघत होती, टोमॅटोशेजारी बसायची वाट बघत. एक जुना टीव्ही असलेली बाई त्यांच्या मोबाइलमध्ये गरीब उरणार नव्हती. जसे उसन्या कपड्यांतले हे चौघे उरले नव्हते.

"नाही," ठिणगी म्हणाली. "मला काय माहीत असणार?"

ती उठली. ताई फाटकापर्यंत मागोमाग आली. "त्या दिवशी नुसतं 'हो' म्हणाली असतीस तरी झालं असतं गं," ती म्हणाली.

"त्या दिवशी तुम्ही नुसतं कापड सोडलं असतंत तरी झालं असतं," ठिणगी म्हणाली, आणि निघाली. रस्ताभर तिनं एकही दगड न लाथाडता सोडला नाही.

मग थंडी आली. वारा सुटायला लागला. खोलीत कोळसा पेटला की आईला श्वास मिळेना, म्हणून दार सताड उघडं टाकून काम सुरू झालं. वारा आत यायचा, शेगडीतली राख उडायची आणि पांढऱ्या कपड्यांवर बसायची. झटकली तर पसरायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. बँकेवाल्या मॅडमनी गाठोडं परत पाठवलं, चिठ्ठी न लिहिता, नुसतं. दार लावावं तर आई निळी पडायची. आईला बाहेर ओट्यावर बसवावं तर वाऱ्यानं खोकला वाढायचा. कोळसा विझवावा तर रात्री भात कशाचा करायचा?

एके दिवशी बटण शाळेतून आला आणि म्हणाला, "मी नाही जाणार उद्यापासून. मी बाहेर शेगडी पेटवून निखारे आत आणून देत जाईन."

आईनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या बाहीवर एक बारीकसं भोक होतं. नवीन. कडा अजून तपकिरी.

त्याच रात्री तिनं ठरवलं. तिचा भाऊ लांब एका फळबागेत राखणदार होता. त्याच्याकडे झोपडी होती, झाडं होती, हवा होती. खायला फार नव्हतं, पण एका बाईपुरतं निघालं असतं.

"तू गेलीस तर इथं काय?" बाबा म्हणाले.

"इथं काम. खोली एक आहे. तीत मी राहीन नाहीतर कोळसा राहील. कोळसा जेवायला घालतो."

"मी त्या दिवशी काकूचं बोलले नाही," ठिणगी एकदम म्हणाली. इतके दिवस तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. "कचेरीत. साहेबानं विचारलं होतं. टीव्हीचं सांगितलं असतं तर इस्त्री आपल्याला मिळाली असती. नाही सांगितलं."

"बरं केलंस," आई म्हणाली.

"बरं काय? बरं काय त्यात!" ठिणगी किंचाळली. "तुला श्वास येत नाहीये आणि बरं केलंस? मला शिव्या घाल! आधी 'आमचंच आहे' म्हणाले त्याबद्दल घाल, मग याबद्दल घाल!"

"हळू. शेजारी झोपलेत." आईनं तिला जवळ ओढायला हात पुढं केला आणि मध्येच खोकला आला. फाटकातली मालगाडी. ती खूप वेळ चालली. संपली तेव्हा आईला बोलायचं होतं ते तिच्यात उरलं नव्हतं. तिनं फक्त ठिणगीचा हात धरून ठेवला, तळव्यावरच्या चटक्यांवरून अंगठा फिरवत.

सकाळी मामा फळांच्या टेम्पोतून आला. आईचं सामान म्हणजे एक पिशवी. नळवाली काकू भाजीची नवी गाडी तशीच रस्त्यात सोडून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. आईनंच तिची समजूत घातली. पोरगी खरंच गाडीवर बसली होती, पालेभाजीत पाय सोडून. तिनं आईला हात केला. आईनंही केला.

बटण टेम्पोच्या मागे मोठ्या रस्त्यापर्यंत पळाला. बाबांनी त्याला उचलून आणला, तो एवढा मोठा झालेला असूनही.

तिघं घरात आले. गाठोडी पडली होती. ठिणगीनं शेगडी पेटवली, निखारे लाल होईपर्यंत फुंकले, इस्त्रीत भरले, झाकण लावलं. दारातून वारा आला आणि पहिल्याच पांढऱ्या शर्टावर राख उडाली.

बाबा उठले. दाराकडे गेले. थोडा वेळ तसेच उभे राहिले, दाराच्या फळीवर हात ठेवून. मग त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दिवशीचं काम लख्ख निघालं. एकाही कपड्यावर राखेचा कण नव्हता.